पत्ता मिळाला, पुढे?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेला मी फोन लावला, तेव्हा फोन उचलणाऱ्या माणसाचा आवाज इतका साधा होता की मला आधी वाटलं, राँग नंबर लागला. मी अगदी तयारीने बसले होते. समोर वही, वहीत दादाचं वय, पिणं कधी सुरू झालं, हल्ली सकाळीच लागते हे, लिव्हरचे रिपोर्ट, डॉक्टर काय म्हणाले, सगळं मुद्देसूद. पलीकडचा माणूस हे सगळं टिपून घेईल, मग प्रवेशाची पद्धत सांगेल, फी सांगेल, असं मी धरून चालले होते. त्याने माझी दोन-चार वाक्यं ऐकली आणि विचारलं, "ते स्वतः आहेत का तिथे?" म्हटलं, नाही, झोपलाय. "बरं. मग उठले की त्यांनाच करू द्या फोन. कधीही करू देत. आम्ही बोलू." मी म्हटलं, ते ठीक आहे, पण जवळचा ग्रुप कुठे भरतो ते तरी सांगाल का? त्याने लगेच सांगितलं. जागा, वार, वेळ, पुढचं फाटक बंद असलं तर मागच्या बाजूने या, जिना चढलात की डावीकडची खोली. मी लिहून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, तुमच्यासाठीही मीटिंग असते. घरच्यांची वेगळी असते. तो पत्ता देऊ का?" मी जरा तुटकपणेच म्हणाले, "मला कशाला? मी पीत नाही."

"हो, ते कळलं," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता, समजूत घालणं नव्हतं, काहीच नव्हतं, आणि म्हणूनच बहुतेक ते कानात अडकून बसलं. भांडी लावताना, बसमध्ये, झोप येत नसताना मी त्या माणसाशी मनातल्या मनात वाद घालत असे. काय कळलं तुम्हाला? आम्हाला ओळखता का तुम्ही? मी मदत मागायला फोन केला होता आणि त्याने मदत नक्की कुणाला हवी आहे हा प्रश्न उचलून माझ्याच पुढ्यात ठेवला होता. घरात पिणारा माणूस असला की बाकीच्यांचं हळूहळू एक कार्यकारी मंडळ होऊन जातं. बाटल्या कोण शोधणार, ऑफिसात 'ताप आलाय' म्हणून कोण कळवणार, मुलांना दुसऱ्या खोलीत कोण नेणार, पाकीट कोण तपासणार, सगळी कामं न बोलता वाटली जातात. माझ्याकडे संशोधन खातं होतं. मी वाचायची, फोन करायची, याद्या करायची. आणि त्यातून काहीतरी करत असल्याचं एक समाधान मिळायचं, जे खोटं नव्हतं, पण दादाच्या पिण्याशी त्याचा फारसा संबंधही नव्हता.

पत्ता मिळणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ए. ए.च्या मीटिंगांच्या याद्या फोनवर मिनिटभरात सापडतात. वार, वेळ, भाषा, ओपन की क्लोज्ड. ओपन मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं, घरचे, विद्यार्थी, डॉक्टर. क्लोज्ड फक्त ज्याला स्वतःला पिणं थांबवायचंय त्याच्यासाठी. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारत नाही. सभासद होण्याची अट एकच, पिणं थांबवण्याची इच्छा. ही अट किती कडक आहे ते वाचताना लक्षात येत नाही. पैशाची अट असती तर आम्ही पैसे उभे केले असते. ओळख लागत असती तर ओळख काढली असती. या एका अटीपुढे घरच्यांच्या खटपटीला काही किंमत नाही. मी ग्रुपांची यादी अंतरानुसार लावली, सगळ्यात जवळच्याभोवती पेनाने गोल काढला आणि कागद दादाच्या टेबलावर ठेवून दिला. कागद तिथेच राहिला. त्याच्यावर चष्मा ठेवला गेला, कपाचा डाग पडला, पंख्याने तो खाली उडाला, कुणीतरी उचलून परत वर ठेवला.

शेवटी एकदा त्याने तो हातात घेतला तेव्हा त्याचा पहिला आक्षेप अंतराचाच निघाला. "एवढ्या जवळ? कुणी बघितलं म्हणजे?" मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. ज्याला शेजाऱ्यांनी जिन्यात झोपलेला पाहिलाय, ज्याला अनोळखी लोकांनी खांद्याला धरून दारापर्यंत आणून सोडलंय, त्या माणसाला न पिता एका खोलीत शिरताना कुणी बघेल याची धास्ती! तेव्हा मला संताप आला. पण त्याची बाजू विचित्र नव्हती. पिऊन पडलेला माणूस तिथे नसतोच, त्याच्या वाट्याची लाज वाटून घ्यायला आम्ही असतो. शुद्धीत जिना चढायचा तर सगळं स्वतःलाच अंगावर घ्यावं लागतं. म्हणून पुष्कळ जण मुद्दाम लांबचा ग्रुप शोधतात, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही. ग्रुपमधली जुनी मंडळी यावर हसून सांगतात की इथे तुम्हाला जो बघेल तो त्याच कारणासाठी आलेला असेल. ऐकायला छान आहे, पहिल्या दिवशी पटत नाही. माझं मत विचाराल तर लांबच्या ग्रुपपासून सुरुवात झाली तरी काही बिघडत नाही, पण एक जवळचा माहीत असावा. वाईट संध्याकाळ सांगून येत नाही, आणि त्या संध्याकाळी तासाभराच्या अंतरावरचा ग्रुप असून नसल्यासारखा. जागेपेक्षाही वेळ बघावी. बऱ्याच मीटिंगा संध्याकाळी, ऑफिस सुटल्यानंतरच्या त्या तासा-दीड तासात का असतात हे मला दादानेच नंतर सांगितलं. "दिवसभर मी तुमच्यापेक्षा शहाणा असतो," तो म्हणाला, "साडेसहाला काय होतं कुणास ठाऊक."

एक गोष्ट मीटिंगांच्या यादीत लिहिलेली नसते आणि इथे सांगायलाच हवी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने 'उद्यापासून बंद' म्हणून एकदम थांबवणं धोक्याचं असू शकतं. दारू मेंदूला मंदावत असते, मेंदू त्याची भरपाई म्हणून स्वतःला सतत जास्त जागं ठेवायला शिकतो, आणि अचानक दारू काढून घेतली की ते जागं राहणं आवरत नाही. घाम, थरथर, झोप उडणं इथपर्यंत ठीक, पण काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डिलिरियम ट्रेमेन्स होऊ शकतं, म्हणजे भास, ताप, दिवस-रात्रीचं भान सुटणं. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. दादाला त्या काळात सकाळी शर्टाचं वरचं बटण लावता यायचं नाही. तो मान वर करून वहिनीपुढे उभा राहायचा, ती न बोलता बटण लावून द्यायची, आणि दोघंही दुसरीकडे बघत असायची. डॉक्टरांनी हातांची ती थरथर बघितली आणि म्हणाले, ग्रुपचं नंतर, आधी भरती व्हा. मग काही दिवस औषधं, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, रात्रपाळीच्या नर्सचं दर थोड्या वेळाने येऊन नाव-तारीख विचारणं. ग्रुप म्हणजे दवाखाना नाही, हे ग्रुपवालेही सांगतात. नंतर पिण्याची ओढ कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट वगैरे. त्या घेणं म्हणजे काही 'खरं सोडणं' नव्हे, असं ऐकवणारा एखादा बहाद्दर मीटिंगच्या बाहेर भेटतोच. त्याचं ऐकू नये, डॉक्टरांचं ऐकावं.

दादा दवाखान्यात असताना माझं संशोधन खातं जोरात होतं. ए. ए. मुळात सुरू कसं झालं ते मी तेव्हा वाचलं. 1935 सालचा मे महिना, अमेरिकेतलं ॲक्रन नावाचं शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस तिथे धंद्याच्या कामाला आलेला, काम फिसकटलेलं, खिशात फारसं काही नाही. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि तिथल्या चर्चेसची यादी. त्याने फोनाफोनी सुरू केली. माझा दारुड्या भाऊ बरा करा किंवा मला वाचवा, असं त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याला बोलायला दुसरा एक दारुडा हवा होता, कारण दुसऱ्याशी बोलत राहिलं की आपण पीत नाही एवढं त्याच्या ध्यानात आलं होतं. त्या फोनांतून शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी गाठ पडली आणि त्यांच्यामार्फत डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांचं नाव निघालं. शल्यचिकित्सक, आणि अट्टल पिणारे.

इथपर्यंतची गोष्ट मला थोडीफार माहीत होती. पुढचे तपशील वाचून मात्र मी सरसावून बसले. एक म्हणजे हे डॉक्टर त्याआधी दोन-अडीच वर्षं एका धार्मिक गटाच्या बैठकांना नेमाने जात होते, आणि पीतही नेमाने होते. म्हणजे त्यांना गट होता, पत्ता होता, चांगली माणसं होती, प्रार्थना होती. नव्हता तो फक्त स्वतः त्या पिण्यातून गेलेला दुसरा माणूस. दुसरं म्हणजे हेन्रिएटाबाईंनी भेट ठरवली ती त्यांच्या बायकोशी, ॲनशी बोलून. त्या शनिवारी डॉक्टर मातृदिनासाठी बायकोला झाडाची कुंडी घेऊन घरी आले आणि वर जाऊन आडवे झाले, म्हणून भेट रविवारवर गेली. 12 मे रोजी बायको त्यांना घेऊन गेली. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही असं त्यांनी आधीच बजावलं होतं. संध्याकाळी पाचला बसले ते रात्री अकरानंतर उठले. हे वाचून मला त्या फोनवरच्या माणसाला सांगावंसं वाटलं, बघा, तुमचा पहिलाच माणूस घरच्यांनी आणलेला आहे! आणि तिसरं, जे या गोष्टीच्या छोट्या आवृत्त्यांत गाळलं जातं. त्या सहा तासांनी डॉक्टर सुधारले नाहीत. जूनमध्ये वैद्यकीय परिषदेसाठी म्हणून आगगाडीत बसले आणि तिथूनच प्यायला लागले. परत आले तेव्हा समोर ऑपरेशन ठरलेलं, हात थरथरणारे. थरथर थांबावी म्हणून बिलनेच त्यांना एक बिअर दिली. ती त्यांची शेवटची. तो दिवस 10 जून 1935 मानला जातो आणि ए. ए. तोच आपला जन्मदिवस धरते. बिअर पिण्याच्या दिवशी जन्मलेली दारू सोडवणारी संघटना. मला हे फार आवडतं.

पत्त्याने काय होतं आणि काय होत नाही, याचा एक छोटा प्रयोगही माझ्या वाचनात आला. 1981 साली तो प्रसिद्ध झाला. उपचार घेत असलेल्या 20 जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला ए. ए.ची सगळी माहिती दिली, जागा सांगितल्या, वेळा सांगितल्या, जा म्हणून आग्रहाने सांगितलं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकासमोर समुपदेशकाने तिथल्या तिथे ए. ए.च्या एका सभासदाला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं, आणि तो सभासद म्हणाला, मी येतो तुमच्याबरोबर मीटिंगला. पहिल्या गटातलं कुणीही गेलं नाही. दुसऱ्या गटातले सगळे गेले. 20 माणसं म्हणजे काही फार नव्हेत, आणि एवढा लख्ख निकाल लागला की मला एरवी शंका येते. पण टेबलावरचा तो डाग पडलेला कागद आठवला आणि मी त्या प्रयोगाशी हुज्जत घातली नाही.

दादाच्या बाबतीत तेच झालं. दवाखान्यातून सुटायच्या आदल्या दिवशी त्याने तो फोन स्वतः केला. मी खोलीबाहेर होते, दार लोटलेलं होतं, मला त्याचे फक्त 'हं' आणि 'हो' ऐकू येत होते, आणि मग एकदम तो हसला. इतक्या महिन्यांत तो असा हसल्याचं मला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली एक माणूस येऊन उभा राहिला. वर या म्हटलं तर नको म्हणाला. साधा पांढरा शर्ट, खिशाला पेन, कुणीतरी विमा एजंट वाटावा. दादा तयार होऊन बसला होता आणि उठत नव्हता. बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. वहिनी काही बोलली नाही, मीही नाही, आणि न बोलणं हे त्या दिवशी आम्ही केलेलं सगळ्यात अवघड काम होतं. खालचा माणूस फोन करत नव्हता, हाक मारत नव्हता. खिडकीतून दिसत होता, भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचत होता. अखेर दादा म्हणाला, "तो बिचारा किती वेळ उभा राहणार," आणि गेला. स्वतःसाठी गेला नाही, आमच्यासाठी तर नाहीच नाही. खाली ताटकळणाऱ्या एका परक्या माणसाची भीड पडली म्हणून गेला.

पुढे कधीतरी ओपन मीटिंग होती तेव्हा त्याने मला नेलं. शाळेतला एक वर्ग. बाकं लहान मुलांची, त्यात गुडघे वर काढून बसलेली मोठी माणसं. फळ्यावर दिवसाच्या शाळेतलं अपूर्णांकांचं गणित अर्धं पुसलेलं. मला वाटलं होतं, सगळे उदास चेहऱ्याने बसलेले असतील, कुणीतरी भाषण करेल, शपथा होतील. एक जण उठला, नुसतं पहिलं नाव सांगितलं, मी मद्यपी आहे म्हणाला, आणि मग मुलीच्या लग्नाच्या दिवशी आपण कुठे पडलो होतो ते सांगायला लागला. सांगता सांगता त्याने असा काही तपशील घातला की आख्खा वर्ग खो खो हसला. मी हबकले. आमच्या घरात असल्या गोष्टीवर फक्त रडणं झालेलं. हे हसणं त्या माणसावर नव्हतं, हे समजायला मला वेळ लागला. त्याचं बोलणं संपल्यावर कुणी सल्ला दिला नाही, कुणी वा म्हटलं नाही, पुढचा माणूस स्वतःचं सांगू लागला. एक तरुण मुलगी होती, तिने फक्त नाव सांगितलं आणि 'आज ऐकायला आलेय' म्हणून बसली, तेही चाललं. मध्ये एक डबा फिरला, ज्याला जमेल त्याने त्यात नोटा-नाणी टाकली. पाहुण्यांनी टाकायचं नाही असं सांगून माझ्यापुढून तो तसाच पुढे नेला. माझं लक्ष शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे सारखं जात होतं. बोलणाऱ्याकडे ते बघत नव्हते. डोळे मिटून, हाताची बोटं बाकाच्या कडेवर ठेवून ऐकत होते, आणि बोलणारा कुठे अडखळला की त्यांची बोटं कडेवर घट्ट व्हायची.

दादा त्या दिवशी बोलला. जे बोलला त्यातलं निम्मंअधिक मला माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला आनंदाआधी हेवा वाटला. चाळीस वर्षांची आमची ओळख. आई गेल्यावर त्याला काय झालं होतं, हे मी किती वेळा विचारलं असेल. प्रत्येक वेळी 'काही नाही' हे उत्तर. आणि इथे शिपाई, प्राध्यापक, कुठला कोण दुकानदार यांच्यापुढे हा ते सगळं सांगतोय, आणि मी मागच्या बाकावर पाहुणी म्हणून ते ऐकतेय. घरी येताना मी गप्प होते. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. वहिनीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, तुला हेवा वाटतो, मला तर राग येतो. दारूने नेलेला नवरा आता मीटिंगने नेला, रोज संध्याकाळी घरात नसतोच. हे तिने हसत सांगितलं, पण नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सुरुवातीला रोज मीटिंग करा असा ग्रुपवाल्यांचा आग्रह असतो, आणि त्यात घरच्यांच्या संध्याकाळी जातात, हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं मला दिसलं नाही.

सगळ्यांना हेच मानवतं असंही नाही. ए. ए.च्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांमध्ये देव येतो. 'आपल्याला समजला तसा देव' अशी मोकळीक ठेवलेली आहे, पण देव येतोच. दादा नास्तिक. पहिले काही आठवडे तो प्रार्थनेच्या वेळी भिंतीवरचा नकाशा वाचायचा. मग त्याच्या स्पॉन्सरने, म्हणजे जुन्यातल्या ज्या एकाने त्याला हाताशी धरलं होतं त्याने सांगितलं, तुझ्यापेक्षा मोठी शक्ती मानायला काय हरकत आहे, दारू होती की. एवढ्यावर दादाचं भागलं. ज्याचं भागत नाही त्याला दुसरे मार्ग आहेत. 1994 पासून स्मार्ट रिकव्हरी आहे, ती देवाधर्माला हात न लावता विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय तंत्रांवर चालते. केवळ स्त्रियांसाठीची विमेन फॉर सोब्रायटी 1975 पासून आहे, आणि पुरुषांनी भरलेल्या वर्गात 'आज ऐकायला आलेय' म्हणणारी ती मुलगी आठवली की तिची गरज कळते. ऑनलाइन मीटिंगांमुळे तर आसपास काहीच नाही ही अडचणही पुष्कळशी कमी झाली. ए. ए.चा उपयोग होतो का, यावर पूर्वी मतंच जास्त होती. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास आणि 10,565 माणसांचा आढावा घेतला. त्यात ए. ए. आणि रुग्णाला ए. ए.शी नीट जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभराने 42 टक्के पूर्ण कोरडे होते, इतर उपचार घेतलेल्यांपैकी 35 टक्के. मला हा आकडा भरवशाचा वाटतो तो तो मोठा नाही म्हणूनच. 42 म्हणजे उरलेले 58 हेही त्यातच आलं. जो ग्रुप किंवा जे केंद्र शंभर टक्के खात्री देतं, तिथून उठून यावं.

दादाही मधल्या काळात त्या 58 मध्ये जाऊन आला. ग्रुपच्या भाषेत स्लिप झाली, म्हणजे परत प्याला. मी त्याचं वर्णन करणार नाही. नवीन काही नव्हतं, आधीचंच सगळं होतं, फक्त या वेळी आम्हाला आशा लागलेली असल्यामुळे जास्त लागलं. मला वाटलं, आता ग्रुपवाले त्याला काढतील. तसं काढायची सोयच त्यांच्याकडे नाही. परत गेला तेव्हा म्हणे कुणी मान हलवली नाही, नुसतं सरकून जागा केली. त्याने पहिला ग्रुप मात्र बदलला. तिथे दोन-चार जण बोलण्याची सगळी वेळ खायचे, नव्यांना कुणी विचारायचं नाही. ग्रुप म्हणजे शेवटी माणसंच, त्यात कंटाळवाणी असतात, हुकूमशहा असतात, आपल्या सोडण्याचा गर्व झालेली असतात. एका मीटिंगवरून सगळ्यांना नाव ठेवू नये, आणि न जमणाऱ्या ग्रुपला चिकटूनही बसू नये.

त्या स्लिपच्या दिवसांतच कधीतरी मी तो दुसरा पत्ता मागून घेतला. घरच्यांचा, अल-अनॉनचा. 1951 मध्ये बिल विल्सनची बायको लोइस हिने एका मैत्रिणीबरोबर त्या कामाला रीतसर रूप दिलं. नवरे आत मीटिंगमध्ये असताना बाहेर थांबलेल्या बायका आपसांत बोलायच्या, त्यातून ते वाढलं. मला तिथलं सगळं पटतं असं नाही. 'तुम्ही हे घडवलं नाही, तुम्हाला ते आवरता येणार नाही' हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हलकं वाटण्याऐवजी बेकार झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं चालवलेलं खातं कुणीतरी बंद करून टाकलं होतं. पण तिथे एका बाईंनी सांगितलं की त्या अजून रात्री नवऱ्याच्या श्वासाचा वास घेतात, त्याने पिणं सोडून कित्येक वर्षं झाली तरी. आम्ही सगळ्याजणी हसलो. तेच शाळेच्या वर्गातलं हसणं. फोनवरच्या त्या माणसाला काय कळलं होतं, त्याचा अंदाज मला तेव्हा आला. तो कोण होता हे आजही माहीत नाही. फोनवर पाळीपाळीने सभासदच बसतात.

सध्या दादाच्या ग्रुपला जागा हवी आहे. शाळेला तो वर्ग संध्याकाळी लागणार आहे. बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही असा त्यांचा दंडक, भाडं डब्यात जमेल त्यातून द्यायचं, म्हणजे जागा स्वस्त हवी आणि रोज मिळायला हवी. परवा एका सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे मी त्याच्याबरोबर गेले होते. त्यांनी रजिस्टर उघडलं. "कसली मीटिंग म्हणालात?"

"दारू सोडणाऱ्यांची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पिऊन येणार लोक?"

"एखादा येतो तसाही. त्याला बोलायला देत नाही. मागे बसवतो, ऐक म्हणतो."

"किती जण असता?"

"कधी पाच, कधी पंचवीस."

"आणि तुम्ही कोण, अध्यक्ष?"

"अध्यक्ष नसतो आमच्यात. मी दारुडा, आणि या महिन्यात किल्ली माझ्याकडे आहे," दादा म्हणाला.

व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघितलं. मी खोली बघत होते. पंखे होते, खुर्च्या बऱ्या होत्या. कमिटीला विचारून सोमवारी कळवतो, असं ते म्हणाले. रस्त्यावर आल्यावर मी दादाला म्हटलं, जागा चांगली आहे, भाडंही जमेल. तो मागे वळून त्या इमारतीकडे बघत होता. "चांगली आहे," तो म्हणाला, "पण जिन्यात दिवा नाही आणि दार कुठलं ते कळत नाही. नवा माणूस खालूनच परत जाईल. दुसरी बघू."